गोणी फाटकाबाहेर गेल्यावर

पितृपक्षात नवं काम काढायला बरेच जण राजी नसतात. त्यामुळे घटस्थापना ते वसुबारस या जेमतेम महिनाभरात शहरातल्या इमारतींमध्ये हातोडे, छिन्न्या आणि ब्रेकर एकदमच सुरू होतात. दिवाळीच्या आत न्हाणीघराच्या टाइल्स बदलायच्या असतात, ओटा वाढवायचा असतो, मुलीला अभ्यासाला वेगळी खोली हवी म्हणून भिंत सरकवायची असते. काम आत चालतं, पण त्याची खूण बाहेर दिसते. जिन्याखाली, लिफ्टच्या तोंडाशी, फाटकालगतच्या भिंतीला टेकून सिमेंटच्या जुन्या, भरलेल्या गोण्यांची रांग वाढत जाते. पुण्याकडे त्यातल्या मालाला राडारोडा म्हणतात, मुंबई-ठाण्यात डेब्रिज. मग एका रात्री टेम्पो येतो आणि सकाळी फाटक मोकळं दिसतं. शेजाऱ्यांची कुरकुर थांबते, सचिव समाधानानं मान हलवतात, घरमालक ठेकेदाराचा शेवटचा हप्ता देऊन टाकतो. काम संपलं असं सगळ्यांनाच वाटतं.

टेम्पो कुठे गेला, हे मात्र कुणी विचारत नाही. न विचारण्यात प्रत्येकाची सोय आहे, आणि खाडीकाठी, नाल्यांत आणि नदीपात्रात दिसणाऱ्या राडारोड्याच्या ढिगांचं मूळ बऱ्याच अंशी या सोयीत आहे. घर फोडून जे निघतं ते मार्गी लावण्याची जबाबदारी त्या घरमालकाची असते. ती सोसायटीच्या फाटकाशी संपत नाही; माल अधिकृत ठिकाणी उतरला आणि त्याची पावती हाती आली, तेव्हाच संपते. ऐकायला हे सरळ वाटतं. त्यावरचे आक्षेपही वजनदार आहेत, आणि त्यांची उत्तरं द्यायची तर आधी हा माल किती असतो आणि कसा फिरतो, हे पाहायला हवं.

एका घरातून किती निघतं

आपल्या घरातून किती राडा निघेल याचा अंदाज घरमालकाला सहसा नसतो. पाचशे चौरस फुटांच्या घराची जुनी लादी उखडली, की लादीसोबत तिच्याखालचा दीड-दोन इंचांचा मसालाही निघतो. सेहेचाळीस चौरस मीटर क्षेत्र आणि सहा सेंटिमीटर जाडी धरली, तर पावणेतीन घनमीटर माल, म्हणजे साडेपाच टनांच्या आसपास वजन भरतं. दहा फूट लांब, नऊ फूट उंच अशी साडेचार इंची विटांची एक भिंत दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासकट दोन टनांच्या वर जाते. साध्या न्हाणीघराच्या भिंतींच्या टाइल्स आणि तळ खरवडला तरी दीड टन होतो. तळात जलरोधासाठी भरलेला विटांच्या तुकड्यांचा कोबा काढायचा ठरला, तर त्यात आणखी भर. ओटा, कडाप्पा, सज्जावरची मोडतोड धरून बेरीज दहा टनांपाशी येते. गोणीत तीस-पस्तीस किलो भरतात, म्हणजे तीनशे गोण्या. ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखला जाणारा टेम्पो नियमानं पाऊण टन नेतो. त्या हिशेबानं तेरा-चौदा खेपा.

टायफॅक या केंद्र सरकारच्या संस्थेनं २००१ साली दुरुस्ती आणि नूतनीकरणातून चौरस मीटरमागे चाळीस ते पन्नास किलो राडा निघतो, असा अंदाज मांडला होता. त्या मापानं याच घरातून दोन-सव्वादोन टन निघायला हवेत. दोन आकड्यांतल्या या अंतरात बदललेली राहणी दिसते. फुटलेली लादी बदलणं, गळकी मोरी नीट करणं ही पूर्वीची दुरुस्ती होती. आता घर विकत घेतल्याबरोबर आधीच्या मालकानं पाच-सात वर्षांपूर्वी बसवलेलं सगळं काढून नव्यानं करण्याची पद्धत पडली आहे. जुन्या लादीवरच चिकट मसाल्यानं नवी टाइल बसवण्याचा पर्याय असतो. त्यात दरवाजे खालून तासावे लागतात, स्लॅबवरच्या वाढीव वजनाचा विचार करावा लागतो आणि जुनी लादी पोकळ वाजत असेल तर तो जमतही नाही. तरी जिथे जमतो तिथे टनावारी माल जागच्या जागी राहतो. किती फोडायचं हे घरमालक ठरवतो. जबाबदारीची चर्चा खरं तर इथूनच सुरू व्हायला हवी.

ज्याला भाव, त्याला वाली

फोडलेल्या घरातला सगळाच माल बेवारस होत नाही. ॲल्युमिनियमच्या खिडक्या, पितळी नळ, लोखंडी जाळ्या, तांब्याच्या तारा, सागवानी चौकटी गोणीत जातच नाहीत. त्यांच्यासाठी भंगारवाला दारात हजर असतो, आणि बरेचदा त्या पैशांवरून घरमालक आणि ठेकेदार यांच्यात घासाघीसही होते. चांगल्या निघालेल्या विटा दुसऱ्या कामावर जातात, अर्ध्या विटा कोब्याला चालतात. मागे उरतो तो गिलावा, मसाला, टाइल्सचे तुकडे, फुटकी भांडी, छताचं पीओपी, आणि या सगळ्यात कोंबलेले थर्माकोल, रंगाचे डबे, वायरींची वेष्टनं. याला भाव नाही, म्हणून याला वालीही नाही.

शिवाय हा माल गोणीत भरताना जी सरमिसळ होते, ती पुढे फार महाग पडते. काँक्रीट आणि विटा भरडून खडी आणि वाळू होते. त्यात पीओपी मिसळलं तर त्यातलं सल्फेट नव्या काँक्रीटला बाधतं. जुन्या पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असेल तर ते फोडताना उडणारे तंतू फुफ्फुसाला घातक ठरतात. तो माल वेगळाच ठेवावा लागतो. वेगळं काढणं घरातच, फोडतानाच सोपं असतं. पहिल्या दिवशी टाइल्स, दुसऱ्या दिवशी पीओपी असं काम चाललेलं असताना दोन ढीग करायला बिगाऱ्याला जादा कष्ट पडत नाहीत. तीनशे गोण्या एकत्र झाल्यावर मात्र कोणतंही यंत्र ते तितक्या स्वस्तात करू शकत नाही.

टेम्पो नेमका कुठे जातो

ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात तळाशी ‘डेब्रिजसकट’ असं लिहिलेलं असतं आणि एकूण आकडा ठोक असतो. घरमालकाला हे सोयीचं वाटतं. पण यात ठेकेदाराचा नफा कशात आहे, ते पाहा. वाहतुकीचे पैसे आधीच ठरलेले आहेत, त्यामुळे टेम्पो जितका जवळ रिकामा होईल तितकी रक्कम त्याच्या खिशात उरते. तो टेम्पोवाल्याला खेपेवर पैसे देतो आणि टेम्पोवाल्याचंही गणित तेच असतं. अधिकृत केंद्र वीस किलोमीटरवर, तिथे रांग, काटा आणि शुल्क. पुलाखालची अंधारी जागा दोन किलोमीटरवर आणि फुकट. या साखळीत कुणी विशेष दुष्ट असण्याची गरज नाही. ठोक रकमेचा करारच माल वाटेत उतरवण्याचं बक्षीस देतो.

मोठ्या प्रमाणातल्या मालाला दुसरी वाट फुटते, ती भरणीची. मुंबई, ठाणे, भिवंडी, नवी मुंबईच्या पट्ट्यात सखल आणि पाणथळ जमीन पुष्कळ आहे. ती भरून वर आली की तिला किंमत येते, म्हणून भरणीला राडा हवा असलेली माणसं असतात. नवी मुंबईत तर महापालिकेला डेब्रिज टाकणाऱ्या गाड्या पकडण्यासाठी भरारी पथकं ठेवावी लागतात. मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८मध्ये कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला आणि कांदळवनांभोवतीच्या पन्नास मीटर पट्ट्यात भराव टाकायला मनाई केली. तरी खाडीकाठच्या रस्त्यांवर भरतीच्या रेषेपर्यंत सरकलेले, टाइल्सच्या रंगीत तुकड्यांनी चमकणारे ढीग दिसतात. पुण्यात हेच मुठेच्या पात्रात होतं. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पुराचं पाणी शिरलं, तेव्हा धरणातून सोडलेल्या पाण्याइतकीच चर्चा पात्रातल्या भरावाची झाली.

इथे कुणी म्हणेल की भरणी हाही एक पुनर्वापरच आहे. अंशतः ते खरं आहे. वस्त्यांमधून पावसाचं पाणी घरात येऊ नये म्हणून जोतं उंचावताना शेजारच्या कामाचा राडा वापरतात, आणि त्यात गैर काहीच नाही. तो माल कुठे गेला हे सगळ्यांना ठाऊक असतं. फरक माल कुठे पडतो यात आहे. जोत्यात गेलेला राडा एका घराला उंची देतो. नाल्यात गेलेला राडा पाण्याची वाट अडवतो, पुढच्या नालेसफाईत गाळाबरोबर सार्वजनिक पैशानं वर येतो, आणि ज्यांनी कधी भिंत पाडली नाही अशांच्या घरात पाणी घालतो.

कायदा बोलतो, पण हलक्या आवाजात

केंद्र सरकारनं मार्च २०१६मध्ये बांधकाम आणि पाडकामातल्या कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम आणले. त्यांच्या कक्षेत नवं बांधकाम आणि पाडकामाबरोबर दुरुस्ती आणि नूतनीकरणही आलं. कचरा निर्माण करणाराच तो गोळा करायला, वेगळा ठेवायला प्रथमदर्शनी जबाबदार. तो रस्त्यावर, गटारात पडता कामा नये. आणि वाहतूक-प्रक्रियेचं ठरलेलं शुल्क त्यानंच भरायचं, असं ते नियम सांगत होते. जबाबदारी कुणाची, हा प्रश्न कागदावर २०१६ सालीच सुटला.

अडतं ते अंमलबजावणीत. दिवसाला वीस टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला तीनशे टनांच्या वर कचरा करणाऱ्यालाच आधी आराखडा देऊन मंजुरी घ्यावी लागे. आपलं दहा टनांचं घर त्या उंबरठ्याच्या फार खाली राही. २०२५ साली अधिसूचित झालेले आणि १ एप्रिल २०२६पासून लागू असलेले नवे नियम उत्पादकाची विस्तारित जबाबदारी आणतात, पण तिचा मुख्य भार वीस हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांवर आहे. त्यातच लादी बदलणं, गिलावा, रंगकाम अशा किरकोळ दुरुस्त्यांना मुंबईत महापालिकेची परवानगी लागत नाही. ते योग्यही आहे. मोरीची टाइल बदलायला कुणी वॉर्ड ऑफिसात खेटे घालू नयेत. परिणाम मात्र असा, की परवानगी नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून त्या घरातून दहा टन माल निघाला हे पालिकेला कधी कळतच नाही.

बिल्डरांच्या बाबतीत हे कोडं वेगळ्या रीतीनं सुटलं. देवनार आणि मुलुंडच्या कचराभूमींची दैना पाहून मुंबई उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१६मध्ये नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर निर्बंध घातले. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१८मध्ये ते सैल केले, पण अट घातली: राडारोडा कुठे जाणार ती जागा आधी दाखवा, जागामालकाची संमती आणा, बँक हमी द्या. पैसा अडकला, तेव्हा माल कुठे उतरतो याची फिकीर सुरू झाली. घरगुती कामासाठी असा पैसा अडकवणारं कोण आहे, हा पुढचा प्रश्न.

ठेकेदारानं का नाही, पालिकेनं का नाही

पहिला आक्षेप नेहमी असा येतो की घरमालक नोकरदार माणूस, त्याला यातलं काय कळतं? काम ठेकेदार करतो, रोज राडा तोच हलवतो, त्यालाच धरा. यात तथ्य आहे, आणि वाहतुकीचं काम ठेकेदारानंच करावं. पण काम सोपवता येतं, जबाबदारी सोपवता येत नाही. अशा कामांचे ठेकेदार बहुतांशी नोंदणी नसलेले गवंडी-मुकादम असतात. आज एका उपनगरात, उद्या दुसऱ्या. दंड करायला ते सापडत नाहीत. घर मात्र जागेवर असतं आणि त्याचा मालकही. कामाचा लाभ त्याला, किती फोडायचं हा निर्णय त्याचा, पैसे देण्या-रोखण्याची ताकदही त्याचीच. ज्याच्या हाती हे तिन्ही आहेत त्यालाच अखेरीस जबाबदार धरणं न्याय्य आहे, आणि व्यवहार्यही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: आम्ही मालमत्ता कर भरतो, कचरा उचलणं पालिकेचं काम. रोजचा ओला-सुका कचरा उचलणं पालिकेचंच काम आहे, कारण तो प्रत्येक घरातून रोज निघतो आणि त्याचा खर्च सगळ्यांत सारखा वाटता येतो. दहा टन राडा मात्र एका घरानं स्वतःच्या आवडीसाठी केलेला असतो. त्याची वाहतूक करातून झाली, तर वीस वर्षं जुन्या लादीवर राहणारा शेजारी नव्या इटालियन मार्बलचा खर्च उचलतो. पालिकेचं कर्तव्य वेगळं आहे, ते म्हणजे जबाबदारी पार पाडता येईल अशी सोय करणं. इथे पालिकांचा हिशेब उशिराचा आहे. दिल्लीत बुराडीला राडा भरडणारं देशातलं पहिलं केंद्र २००९ साली सुरू झालं. २०१६च्या नियमांनी दहा लाखांवरच्या शहरांना दीड वर्षाची मुदत दिली होती. तरी सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं २०२०मध्ये पाहणी केली तेव्हा अपेक्षित त्रेपन्न शहरांपैकी तेरांतच अशी केंद्रं उभी होती, आणि देशात निघणाऱ्या राड्यापैकी जेमतेम एक टक्का पुन्हा वापरात येत होता.

मुंबईत आता रोज सहाशे टनांची दोन केंद्रं आहेत: पश्चिम उपनगरांसाठी दहिसरच्या कोकणीपाड्यात, शहर आणि पूर्व उपनगरांसाठी शिळफाट्याजवळ डायघरला. पुण्याचं केंद्र वाघोलीला आहे, पिंपरी-चिंचवडचं मोशीला. काट्यावर वजन, हातांनी निवड, जबड्यासारख्या यंत्रात भरड, चाळणी आणि धुलाई अशा टप्प्यांतून गोणीतला राडा खडी, वाळू आणि पेव्हर ब्लॉकच्या रूपात बाहेर येतो. भारतीय मानक ३८३ची २०१६ची आवृत्ती अशी खडी साध्या काँक्रीटमध्ये पंचवीस टक्क्यांपर्यंत आणि एम-२५ दर्जापर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये वीस टक्क्यांपर्यंत वापरायला परवानगी देते. पालिकांनी आपल्या पदपथांच्या निविदांत हा माल सक्तीनं घेतला तर केंद्रं चालतील. नाहीतर भरडलेल्या मालाचेच ढीग होतील.

तिसरा आक्षेप पैशाचा. मुंबई महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा टनाला साधारण चौदाशे रुपये घेते; दहा टनांना चौदा हजार. काही लाखांच्या कामात ही रक्कम स्वयंपाकघरातल्या चिमणीच्या किमतीएवढी आहे. ज्यांचं एकूण कामच पंचवीस-तीस हजारांचं, त्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी अर्ध्या टनापर्यंतचा राडा मोफत नेण्याची सवलत आहे आणि ती रास्त आहे, पण तोकडी. एक न्हाणीघरच दीड टनाचं असेल, तर अर्ध्या टनात ओट्याच्या टाइल्सच बसतात. चाळी आणि वस्त्यांमध्ये ही मर्यादा दोन टनांपर्यंत वाढवावी, आणि प्रत्येक वॉर्डात हातगाडीनं गोण्या नेऊन टाकता येतील अशी जागा ठेवावी. गिरगावातल्या माणसानं चार गोण्यांसाठी डायघर गाठावं, ही अपेक्षा धरली तर गोण्या नाल्यातच जातील.

अनामत रक्कम आधीपासून आहेच

आता पैसा अडकवण्याचा प्रश्न. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार घरात फेरबदल करण्याआधी समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते. बहुतेक सोसायट्या त्या वेळी अनामत रक्कम घेतात, कामाच्या वेळा ठरवतात, लिफ्टमधून गोण्या नेऊ नका असं बजावतात. म्हणजे पालिकेकडे नसलेली नोंद सोसायटीकडे असते आणि वचक ठेवायला हातात रक्कमही असते. पण ही अनामत परत मिळते ती जिना स्वच्छ आहे का, लिफ्टचा आरसा फुटला नाही ना, एवढं पाहून. सोसायटी स्वतःचं आवार जपते आणि राडा फाटकाबाहेर गेल्याबरोबर डोळे मिटते.

बदल इथेच करायचा आहे. अनामत परत मिळण्याची अट एकच असावी: अधिकृत केंद्राच्या काट्याची किंवा पालिकेच्या सेवेची पावती, गाडीच्या क्रमांकासह आणि वजनासह. परवानगीच्या अर्जातच किती चौरस फूट लादी, किती भिंती, किती न्हाणीघरं हे लिहून घेतलं, की वजनाचा ढोबळ अंदाज समितीलाही येतो. दहा टनांच्या कामावर दोन टनांची पावती आली, तर बाकीचं कुठे गेलं हे विचारता येतं. यामुळे ठेकेदाराचा ठोक करारही आपोआप मोडतो. राड्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवायचा आणि पावतीप्रमाणेच द्यायचा, असं घरमालकाला स्वतःच्या अनामतीसाठी ठरवावं लागेल. मग टेम्पो जवळ रिकामा करण्यात कुणाचाच फायदा उरत नाही.

यावर म्हटलं जाईल की पावत्या खोट्याही मिळतात, आणि समितीतले लोक शेजारी असतात. कोण कुणाशी वैर घेणार? खोट्या पावतीला उत्तर आहे: केंद्रांनी प्रत्येक वजनाची नोंद क्रमांकासह ऑनलाइन ठेवावी, म्हणजे सचिवाला ती मोबाइलवर पडताळता येईल. शेजारधर्माची अडचण खरी आहे, पण ती मर्जीवर चालणाऱ्या नियमांत येते. राडा नीट नेला का, असं विचारलं तर वाद होतो. पावती आहे का, असं विचारलं तर कागद असतो किंवा नसतो. ज्या इमारतींना सोसायटीच नाही, तिथे हे काम पालिकेलाच करावं लागेल. टाइल्स आणि सॅनिटरी सामानाच्या दुकानांतून सेवेची माहिती देण्यापासून सुरुवात करता येईल. नवा माल विकत घेणारा प्रत्येक जण जुना माल काढणार, हे दुकानदाराला कुणाहीपेक्षा आधी कळतं.

एवढ्यानं खाडी वाचेल असा दावा नाही. मोठ्या पाडकामांचे डंपर आणि भरणीचे व्यवहार यांना पोलिस आणि महसूल खात्याचाच धाक लागेल. पण घरगुती राडा हा त्या व्यवहाराला मिळणारा बिननोंदीचा पुरवठा आहे. तो नोंदीत आला, तर रात्रीच्या टेम्पोला राड्याचं काम मिळणं कमी होईल आणि केंद्रांना माल मिळेल. त्यासाठी दिल्लीतून नवा कायदा यायला नको. सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत अनामतीच्या नियमाखाली पावतीची एक ओळ वाढवायची, आणि अंदाजपत्रकातलं ‘डेब्रिजसकट’ खोडून तिथे किती टन, कोणत्या केंद्रावर, काय दरानं हे लिहून घ्यायचं. यातली पहिली गोष्ट समितीच्या हातात आहे, दुसरी घरमालकाच्या.